भिंतीत जाणारं दार

१

जोकबेद नवगावकर शाळेतून घरी यायची ती भर दुपारी. पनवेलच्या त्या गल्लीत त्या वेळी माणूस दिसायचं नाही. खालची पिठाची गिरणी तेवढी घरघरत असायची आणि लांब हायवेवरून न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनर धडधडत असायचे. दाराच्या चौकटीवर मेझुझाची, म्हणजे धर्मवचनांच्या गुंडाळीची, छोटी डबी तिरकी ठोकलेली होती. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरी ती असतेच. तिला बोटं लावायची, ती ओठांशी न्यायची, पदराने मान पुसायची आणि पिशवी न ठेवताच सासूबाईंच्या खोलीत डोकवायचं, हा तिचा नेम होता.

सासूबाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. गेल्या वर्षी, ब्याण्णवच्या दिवाळीत, त्यांची उजवी बाजू गेली आणि बाजूबरोबर बोलणंही गेलं. एके काळी लग्नात मलिद्याची ताटं करताना सगळ्या बायकांना हुकूम सोडणारी ही बाई आता हो, नको, पाणी, आला, गेला एवढ्यावर आली होती. तेही दिवसातून एखाद्या वेळी. उजवा हात मांडीवर मुठीसारखा पडलेला असायचा. त्यातली अंगठीसुद्धा काढता येत नव्हती, इतकी बोटं आखडली होती.

श्रावणात त्या बाथरूममध्ये पडल्या. पडल्या त्या दाराला टेकून. दार आत उघडणारं. हायम, तिचा नवरा, बाहेरून ढकलत होता आणि आतून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. बिजागऱ्या आतल्या बाजूला. शेवटी फट पडली तिच्यातून जोकबेदने हात घातला, सासूबाईंचा खांदा हळूहळू सरकवला, तेव्हा कुठे दार उघडलं. कपाळाला खोक पडली होती. ती भरली, पण हायमच्या मनातून ते दार जाईना.

२

हायम बंदरात दुरुस्ती विभागात होता. एकदा कुठल्याशा परदेशी जहाजावर कप्तानाच्या खोलीत त्याने एक वेगळंच दार पाहिलं, आणि घरी आल्यापासून जेवतानासुद्धा तेच.

"उघडलं की भिंतीत जातं. पुढे नाही, मागे नाही. दिसतच नाही अगं! आईची खुर्ची सरळ आत जाईल. आणि देव न करो, ती परत पडली तरी दार अडणार नाही."

रविवारी तो महादेव सुताराला घेऊन आला. महादेव पनवेलचाच, हायमच्या ओळखीचा, गप्पिष्ट माणूस. असलं दार त्याने आजवर केलं नव्हतं. पण हायमने कागदावर आकृती काढून दाखवली तशी त्याने मान डोलावली.

"होईल. ही भिंत फोडायची नाही. भिंतीला लागून, खोलीच्या बाजूने, प्लायचा दुसरा पडदा उभा करू. मधे पोकळी ठेवू. दार त्या पोकळीत सरकेल."

"आणि दार लावलं की?" जोकबेदने विचारलं.

"लावलं की लागलं, वहिनी."

"तसं नाही. दार बाहेर आलं की त्या पोकळीत काय राहतं?"

महादेव हसला. "काय राहणार? काही नाही. रिकामी."

तिने त्या भिंतीकडे पाहिलं. पांढरी, साधी भिंत. एका कोपऱ्यात कॅलेंडरचा खिळा. दाराएवढी उंच, दाराएवढी रुंद अशी एक रिकामी जागा तिथे उभी राहणार, सगळीकडून बंद, आणि ती आपल्या घरात असणार. मुलांना भूमिती शिकवणारी बाई ती. पोकळीला जाडी जेमतेम चार बोटं, हे तिला कळत होतं. पण उंची-रुंदी माणसाची होती, हेही कळत होतं.

महादेव भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत होता. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"कधी?"

तिघंही वळली. दुखण्यानंतर सासूबाईंच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. हायम आनंदाने गुडघ्यावरच बसला. "आई! दार हवंय तुला? करू, लवकरच करू."

सासूबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या, आणि डाव्या हाताने पदर सारखा करत होत्या. कुणी पाहुणा दाराशी आला की करतात तसा.

३

भामा सकाळी सासूबाईंजवळ असायची. कामोठ्याची, अंगाने दणकट, मनाने हळवी. जोकबेद आली की ती निघायची. त्या आठवड्यात एकदा चपला घालताना ती म्हणाली, "बाय, दार झ्याक बसवलाय हां. जरासा जड हाय, पन सरकतो बेस."

"कुठलं दार?"

"ह्येच की. आजींच्या खोलीतला."

"भामा, अजून सुताराने कामच सुरू केलं नाही."

भामा हसली, मग तिचं हसू जागच्या जागी राहिलं. "असा कसा? आमी सैपाकघरात व्हतो. सकाळपासून दोनदा आयकला. आमी म्हनलं, साहेब घरी हायेत, त्येच सरकवतात." ती वळून खोलीकडे बघत राहिली. "आजी पन बोलल्या ना. 'आला' म्हनल्या."

"खाली गिरणी आहे, भामा. तिचा आवाज असेल."

"असंल बाय," भामा म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून ती सासूबाईंची खुर्ची स्वयंपाकघरात आपल्यासमोर आणून ठेवू लागली. सासूबाईंना ते आवडायचं नाही. डाव्या हाताने चाक ढकलत त्या परत खोलीकडे वळायच्या.

४

जोकबेदने तो आवाज ऐकला तेव्हा ती वह्या तपासत होती.

गिरणी बंद होती, वीज गेलेली. त्यामुळे घर एकदम उघडं पडल्यासारखं शांत होतं. आणि त्या शांततेत सासूबाईंच्या खोलीतून काहीतरी सरकलं. जात्याची तळी फरशीवरून ओढावी तसा जड, लांबलेला आवाज. शेवटी एक मऊ ठोका.

ती उठून गेली. बाथरूमचं जुनं दार होतं तसंच, अर्धवट उघडं. सासूबाई खुर्चीत. भिंत पांढरी.

असं होतं, तिने स्वतःला समजावलं. मनात दार आहे म्हणून कानात दार आहे. हायवेवर ट्रक आहेत, वरच्या बिऱ्हाडात लोखंडी कपाट आहे. ती वर जाऊन विचारूनही आली. वरची शशिकला म्हणाली, आम्ही तर कपाट दसऱ्यालासुद्धा हलवत नाही हो, मागे भिंतीला ओल आहे.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम खोलीतच बसली, सासूबाईंच्या पलंगावर. गिरणी चालू होती, तरी आवाज आला. या वेळी तिला दिशा कळली. तो बाथरूमच्या चौकटीपासून निघाला आणि भिंतीच्या आतून, पेन्सिलीच्या खुणांच्या मागून, कोपऱ्यापर्यंत गेला. सासूबाईंची मान त्याच्याबरोबर वळत गेली. चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत. सावकाश, एकही झटका न देता, आत चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

"आई, काय आहे तिथे?"

सासूबाईंनी खुर्ची पुढे घेतली, अगदी भिंतीशी. डावा हात उचलला. कोऱ्या भिंतीला, चौकटीवर मेझुझा असते तेवढ्या उंचीवर, बोटं लावली आणि ती ओठांशी नेली.

या घरात येता-जाता प्रत्येक जण हे करत होता. पण दारात करत होता. उंबऱ्यातून आत जाताना किंवा बाहेर पडताना.

हायमला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अंदाज चुकतो तिचा. डॉक्टर म्हणालेच होते."

"आणि आवाज? भामानेही ऐकला."

"मी का नाही ऐकला मग?"

हायम घरी असला की खोलीत काहीच व्हायचं नाही.

५

हायमने आपल्या परीने उलगडा केला. धाकटा भाऊ जोनाथन इस्रायलला, अश्दोदला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. आई त्याची वाट बघते, 'आला' म्हणते ती त्याच्यासाठी. एका शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुटल्यावर जोनाथनचा फोन आला, तेव्हा हायमने खुर्ची फोनजवळ आणली आणि रिसीव्हर आईच्या कानाला लावला.

जोनाथनचा आवाज एवढा मोठा होता की जोकबेदलाही ऐकू येत होता. "आई, मी जोना. कशी आहेस गं? इथे थंडी सुरू झाली. पोरं तुझी आठवण काढतात." त्याला रडू फुटत होतं आणि तो ते बोलण्यात लपवत होता.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा मऊ झाला, डोळ्यांत पाणी आलं. हायमने जोकबेदकडे पाहिलं: बघ, म्हटलं नव्हतं?

मग सासूबाईंनी रिसीव्हर हळूच बाजूला केला.

"हा नव्हे," त्या म्हणाल्या.

आणि डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी आतल्या खोलीकडे दाखवलं.

फोनमधून जोनाथन "हॅलो, हॅलो" करत होता. हायमने रिसीव्हर घेतला आणि इकडचं तिकडचं काहीतरी बोलला. काय बोलला ते त्यालाही नंतर आठवलं नसतं.

६

"नको ते दार," जोकबेद म्हणाली. "जुनं काढून टाकू आणि पडदा लावू. जाड कापडाचा. आईंना काही अडचण नाही."

"माझी आई पडद्यामागे बसणार? आला-गेला, भामा, शेजारपाजार? अंगावरचं पातळ ढळलं तर दहादा सावरणारी बाई आहे ती." हायमचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "त्या दिवशी मी दार ढकलत होतो ना, ते तिच्या डोक्याला लागत होतं. मला कळत होतं, दाराच्या पलीकडे मी जे ढकलतोय ते आईचं डोकं आहे. आणि तरी ढकलत होतो, कारण दुसरा मार्गच नव्हता. मला तसलं दार घरात नको, जोकबेद. आणि तिला उघड्यावरही बसवायचं नाही."

तिने पुढचे दिवस विचारात काढले. भाकरी थापताना, फळ्यावर त्रिकोण काढताना, तिला ती पोकळीच दिसायची. आवाज तर येतच होता, दार नसतानाही येत होता. म्हणजे नको म्हटल्याने काही थांबत नव्हतं.

आणि मग एका सकाळी तिला वाटलं, की पोकळी रिकामी असेल तर ना! दार भिंतीच्या आत असलं की ती जागा भरलेली. दाराएवढ्या जागेत दार. तिथे दुसरं काही उभं राहायला वावच नाही. पडदा लावला काय, काही न केलं काय, भिंत आहे तशीच राहणार. दार आत घालून ठेवलं, तर मात्र ती बुजेल.

विचार वेडगळ होता, हे तिला कळत होतं. पण तो मनात आल्यावर तिला कितीतरी दिवसांनी धड झोप लागली.

"बसवा दार," ती हायमला म्हणाली. "पण माझी एक अट आहे. ते कायम आत राहील. आईंना जायचं असेल तेव्हा पडदा ओढायचा. पाहुणे आले, आडोसा हवाच असला, तर तेवढ्यापुरतं मी असताना लावायचं. एरवी नाही."

"मग दार कशाला?"

"तुम्हाला हवंय म्हणून. आणि मला आत हवंय म्हणून."

हायमला यातलं निम्मंच कळलं, पण त्याने वाद घातला नाही.

७

महादेवने काम छान केलं. दार हलकं झालं, एका बोटाने सरकायचं. चाकांचा आवाज पत्र्याच्या पेटीसारखा बारीक, खुळखुळता. जोकबेद तो कान देऊन ऐकत राहिली. आजवर ऐकलेला आवाज हा नव्हता. तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

मग सगळं थांबलं. जड सरकणं नाही, ठोका नाही. भामा पुन्हा गुणगुणत काम करू लागली. सासूबाईंची खुर्ची पडद्यातून आरामात आत-बाहेर व्हायची. त्या मात्र उतरल्या. जेवेनात. दिवसभर नव्या प्लायसमोर बसून राहायच्या. पदर खांद्यावरून घसरला तरी सावरायच्या नाहीत. कुणीतरी येणं बंद झालेल्या घरासारखा त्यांचा चेहरा दिसू लागला. ते बघून जोकबेदला पहिल्यांदाच आपण काय केलं असं वाटलं.

नाताळच्या सुट्टीआधीचा तो दिवस. भामाचा मुलगा तापाने फणफणला होता, म्हणून ती बाहेरून कुलूप लावून थोडी लवकर गेली. जोकबेद आली तेव्हा घर उघडून देणारं कुणी नव्हतं. तिने आपल्या किल्लीने कुलूप काढलं. चौकटीला बोटं लावली. पिशवी हातातच.

खोलीत खुर्ची होती. रिकामी. बाथरूमसमोर नव्हे, त्या प्लायच्या भिंतीसमोर, तिला गुडघे टेकतील इतकी जवळ.

पडदा एका बाजूला गोळा केलेला होता. आणि दार लावलेलं होतं.

"आई?"

आत गेल्या असतील. भिंतीला धरून, एका पायावर. त्यांनीच दार ओढलं असेल. एका बोटाने तर सरकतं. तिने दार भिंतीत ढकललं. बाथरूम कोरडं होतं. बादली, तांब्या, पाट. माणूस नाही.

आणि दार पूर्ण आत गेलं नाही. निम्म्यावर अडलं. लाकूड लाकडाला अडतं तसं नव्हे. गादीवर टेकावं तसं अडलं, थोडं दबलं आणि परत तेवढंच बाहेर आलं.

तिने घर पाहिलं. पलंगाखाली पाहिलं, गॅलरीत पाहिलं. बाहेरचं कुलूप तर तिने स्वतःच काढलं होतं. ती परत दाराशी आली. कापड अडकलं असेल, तिने म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कुणीतरी ऐकावं असं. पडद्याचं टोक आत गेलं असेल. दार आणि प्लाय यांच्यामधल्या फटीत तिची बोटं जेमतेम शिरत होती. तिने ती आत घातली आणि कापड चाचपू लागली.

आतून कुणीतरी तिची बोटं धरली.

हात कोरडा होता, ऊबदार. एका बोटावर अंगठी. झिजलेला खडा जोकबेदच्या पेरांना लागला. तो खडा ती रोज साबणाच्या पाण्याने पुसत होती. उजव्या हाताची अंगठी. सरळ, मोकळ्या झालेल्या बोटांची पकड.

ओरडावं असं तिला वाटलं, पण तोंडातून आवाज निघाला तो लहान मुलीसारखा. "आई, बाहेर या. या ना बाहेर."

हाताने तिच्या बोटांवर थोपटलं. नवी सून म्हणून ती या घरात आली तेव्हा मांडवात थोपटलं होतं तसं. मग बोटांमागे, त्याच फटीतून, आणखी कुणाचा तरी श्वास तिच्या नखांवर आला. थंड, ओला. थोपटणारा हात दचकला. त्याने जोकबेदची बोटं घट्ट दाबली आणि जोर लावून फटीबाहेर ढकलून दिली.

ती मागे पडली. तिच्या डोळ्यांदेखत दार आपोआप आत सरकू लागलं. अडलं नाही, दबलं नाही. कडेपर्यंत गेलं आणि भिंतीत नाहीसं झालं.

८

जोकबेद नुसती भिंतीकडे बोट दाखवत राहिली, तेव्हा हायमने प्लाय कुऱ्हाडीने फोडला. आत दार होतं, जुनी पांढरी भिंत होती, भुसा होता. महादेवच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

पोलीस आले. कुणी म्हणालं, म्हातारी गावातल्या इस्रायल तलावाकडे जाताना दिसली. लोकांनी तलावात गळ टाकून पाहिले. चाकाच्या खुर्चीत बसणारी बाई कुलूपबंद घरातून कशी गेली, हे कुणी विचारलं नाही. हायमने तर मुळीच नाही. त्याला तलाव हवा होता. जोनाथन अश्दोदहून आला, आणि दोघे भाऊ सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसले. जोकबेद बसली नाही. ती आल्यागेल्याला चहा करत राहिली आणि कुणी "गेल्या बिचाऱ्या" म्हटलं की उठून आत जायची.

जोनाथन निघताना म्हणाला, आता इथे काय उरलंय, तुम्हीही चला. हायमने मनावर घेतलं. पनवेलची कितीतरी घरं अशीच गेली होती. नोकरीचा राजीनामा झाला, भांडीकुंडी वाटली गेली, वर्षभरात तिकिटंही आली. जोकबेद कशालाच नाही म्हणाली नाही.

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी राहिली. हायमने दोन्ही बॅगा उचलल्या आणि तिला हाक मारली. ती सासूबाईंच्या खोलीत होती, उघड्या पडलेल्या त्या भिंतीसमोर.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी नाही येत."

"आता? आता काय झालं?"

मग तिने त्याला सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदाच. फट, अंगठी, थोपटणं, तो दुसरा श्वास, आणि आईंनी तिला कसं बाहेर लोटलं ते. ती शांतपणे सांगत होती आणि हायम हातात बॅगा घेऊन ऐकत होता.

"त्यांना कधी बाहेर यायचं झालं," ती म्हणाली, "तर घरात कुणीतरी नको का?"

हायमने तिच्याकडे पाहिलं नाही. तो भिंतीकडे बघत होता. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, थांबला, पुन्हा वाजवला.

त्याने एक बॅग खाली ठेवली. मग दुसरी.